मोंबासाहून पत्र: चहाचा भाव कुणाच्या हातात?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या चहावाल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं?" तेवढ्यात फोन तुटला. गावातल्या शेतकरी कंपनीचा हिस्सा घ्यावा की नाही, असं तुमच्या मनात घोळतंय, हे आईकडून कळलं. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

इथे केनियात, पश्चिमेला केरिचोकडचे चहाचे मोठमोठे मळे इंग्रजांच्या काळात किप्सिगिस आणि तलाई लोकांच्या जमिनी घेऊन उभे राहिले. आफ्रिकी माणसाला स्वतःच्या रानात चहा लावायची तेव्हा मुभाच नव्हती म्हणा ना. ती 1954 नंतर मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर 1964 मध्ये छोट्या शेतकऱ्यांसाठी सरकारने केटीडीए नावाची संस्था काढली आणि 2000 मध्ये ती शेतकऱ्यांच्या कारखान्यांच्या हाती आली. आज देशातला निम्म्याहून जास्त चहा अशा 6 लाखांवर शेतकऱ्यांचा आहे, आणि एकेकाचं रान अर्धा-एक एकर.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे खुडणी बारा महिने चालते. दोन पानं आणि एक कळी, एवढंच खुडायचं. पाला त्याच दिवशी वजनकाट्यावर आणि तिथून कारखान्यात जायला हवा, कोंदला की तापतो आणि चव जाते. साडेचार किलो पाल्याचा जेमतेम एक किलो चहा होतो. दर महिन्याला किलोमागे ठरलेली रक्कम मिळते. जूनअखेर कारखान्याचा हिशेब होतो आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा दिवाळीच्या सुमाराला येतो. मुलांची फी, घराचे पत्रे, सगळं त्या एका रकमेवर अवलंबून असतं. बाबा, ती वाट बघणं तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

माझं काम त्यापुढचं. मोंबासात दर आठवड्याला चहाचा लिलाव होतो, त्याआधी कपांची लांबच लांब रांग मांडतात आणि मी एकेक घोट भुरका मारून चाखते. (आई, इथे भुरका जितका मोठा तितकं काम चोख!) युगांडा, रवांडा, बुरुंडीचा चहाही इथेच विकला जातो आणि बोली डॉलरमध्ये लागते. माउंट केनियाच्या उताराचा चहा कपात लखलखीत उतरतो, त्याला भाव चढा. पश्चिमेकडच्या किसी, बोमेट भागातल्या कारखान्यांना कमी मिळतो, आणि तिथल्या शेतकऱ्यांचा राग मला पटतो. चवीत फरक आहे, पण प्रत्येक वेळी भावात पडतो एवढा मोठा नाही.

लासलगावला कांद्याच्या लिलावात तुम्ही ट्रॅक्टरजवळ उभे असता. पटलं नाही तर निदान व्यापाऱ्याच्या तोंडावर बोलता. इथला शेतकरी शेकडो किलोमीटर लांब असतो आणि बोली आता संगणकावर लागते. 2024 च्या सुरुवातीला डॉलरला 160 शिलिंग (इथलं चलन) मिळत होते, काही महिन्यांत 130 च्या आसपास आले. चहा तोच, पण शिलिंगात हाती आलेली रक्कम आटली. पाकिस्तान सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, त्याने हात आखडला की इथली गोदामं भरतात. 2025 मध्ये सुदानने राजकीय भांडणातून केनियाचा चहा बंद केला. डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी आठवली. आपल्याकडे दार आपल्याच सरकारने लावलं, इथे गिऱ्हाइकाच्या सरकारने. नुकसान मात्र दोन्हीकडे पिकवणाऱ्याचंच.

आणि बहुतेक चहा गोण्यांमध्ये परदेशी जातो, तिकडे दुसऱ्यांच्या चहात मिसळून दुसऱ्यांच्याच नावाने विकला जातो. कारखाना शेतकऱ्यांचा, तरी दुकानातल्या पुड्यावर त्यांचं नाव नाही. मला हे फार लागतं.

तरीही बाबा, हिस्सा घ्या. इथे कारखाना स्वतःचा आहे म्हणूनच वर्षअखेरचा पैसा शेतकऱ्याकडे येतो, नाहीतर तो मधल्यामध्येच जिरला असता. फक्त सही करण्याआधी सभेत विचारा: माल कोण विकणार, कुठे विकणार, खर्च कोण ठरवणार, हिशेब वर्षातून किती वेळा दाखवणार. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मला वाचून दाखवा.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस. तारीख ठरली की कळव, मी रजा घेऊन येते.

तुमची लेक