दहाची नव्हती, म्हणून पंच्याहत्तरची दिली: औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

काल रात्री मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ चौकशी कोणी केली, काय निघालं, एक अक्षर नाही. महिनाभरात बघतो, असं आपल्या खात्यातल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. त्याला पाच महिने झाले. चुकीच्या डोसची गोळी दिली म्हणून ज्या मेडिकलची तक्रार केली, त्यावरून मी रोज जातो. कोणी फिरकलेलं नाही.

आमचे आप्पा 72 वर्षांचे. जुनी शुगर, रात्रभर तळपायांची आग. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून दिली, 10 मिलिग्रॅम, झोपताना एक. मूळची नैराश्यावरची गोळी, पण नसांच्या दुखण्यावर थोड्या डोसात चालते. औषधाला मला नावं ठेवायची नाहीत. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, “काका, दहाची संपलीय. पंच्याहत्तरची न्या, गोळी तीच.” साडेसात पट! बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटामागे आकडा लिहून दिला.

चौथ्या रात्री आप्पा गोधडी चाचपत बसले. “बैल सुटलाय, दावं आण.” बैल विकून आम्हाला नऊ वर्षं झाली. जीभ लाकडासारखी कोरडी, छाती धडधडतेय, पोट तट्ट फुगलेलं. सकाळी नळी घातली तेव्हा बाराशे मिली लघवी निघाली. प्रोस्टेट वाढलेली होती, आणि या गोळीने मूत्राशय सुस्तावतं. हे आधी विचारायला हवं होतं ते डॉक्टरांनीही विचारलं नाही, तेही सांगून टाकतो. म्हाताऱ्या माणसाला कमीत कमी डोसपासून हळूहळू चढवतात, हे मला नळी घालणाऱ्या ब्रदरकडून कळलं. नऊ दिवस नळी, खर्च पन्नास हजारांच्या घरात. त्या आठवड्यात कांदा काढायचा राहिला, तो वेगळा.

1948 च्या फार्मसी कायद्यात कलम 42 आहे म्हणतात, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध द्यायचं नाही. एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत मी मेडिकल मोजली. चौदा, की पंधरा, मध्ये एकजण भेटला म्हणून घोळ झाला. फार्मासिस्ट दिसला तीन ठिकाणी. बाकी ठिकाणी त्याचं सर्टिफिकेट बसलं होतं, फ्रेममध्ये, हार घालून. माणसं गेल्यावर फोटोला घालतात तसा.

गोळीच्या पाकिटावर इशारा आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा. लाल चौकटीत, इंग्रजीत. आप्पा सातवी शिकलेत, मराठीत. अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही लोकांनी पेढे वाटलेत ना? मग डोस तेवढा मराठीत लिहून द्यायला दुकानदाराला सांगा. अंकात आणि अक्षरात, चेकवर लिहितात तसा. आणि ‘दुसरी पॉवर’ द्यायची तर आधी डॉक्टरांना फोन. एवढंच मागतोय. पण पीकविम्यात शेताचा गट नंबर चुकला तर माझे पैसे अडतात, रेशन कार्डावर काना चुकला तर तीन हेलपाटे. माझ्या चुकीला दंड, आणि दुकानदाराने साडेसात पट चूक केली की ती निकाली!

त्या पाकिटातल्या सहा गोळ्या मी जपून ठेवल्यात, सिगारेटच्या पाकिटासकट. निरीक्षकांना पाठवायचंच असेल तर दुपारनंतर पाठवा. सकाळी आप्पांना धरून न्यावं लागतं, अजून.

आपला,
एक शेतकरी मतदार