शनिवारच्या चाखणीसाठी सूचना

सभासदांनो, या वेळी चार भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्की) चाखू, प्रत्येकी १५ मिली. क्रम : पॉल जॉन ब्रिलियन्स, पॉल जॉन एडिटेड, अमृत फ्यूजन, शेवटी पॉल जॉन बोल्ड. फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची, बाकीच्या ४६ च्या. तरीही बोल्ड शेवटीच, कारण तिच्यातला पीटचा (जव सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा) धूर जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची नाजूक व्हिस्की बेचव वाटते.

अत्तर, डिओ लावून येऊ नका, उदबत्तीही नको. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास आणा. नाक ग्लासात खुपसू नका. अल्कोहोलने ते बधिर होतं; ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा.

पहिला घोट पाण्याशिवाय. मग ड्रॉपरने थेंबथेंब साधं पाणी. १५ मिली फ्यूजन ४० टक्क्यांवर आणायला पावणेचार मिली पाणी पुरतं, ४६ च्या व्हिस्कीला सव्वादोन. एकदम ओतलेलं परत काढता येत नाही! बर्फ मिळणार नाही, थंडीत सुगंध दबतो. पाण्याने व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. चिल-फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या, व्हिस्कीतले मेदाम्ल-एस्टर (तेलकट घटक) तसे दिसतात.

टिपणं शेजाऱ्याशी बोलण्याआधी लिहा. नुसतं ‘स्मूद’ चालणार नाही. भाजलेलं जव, मध, सुकं खोबरं, जे आठवेल ते नेमकं लिहा. पॉल जॉन जिथे बनते त्या गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या उष्म्यात व्हिस्की लवकर मुरते आणि पिंपातून बाष्पीभवनही स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जास्त होतं, म्हणून या व्हिस्कीचं कमी वय पाहून मत बनवू नका.

वय २५ पूर्ण हवं, दारूचं परमिट सोबत हवं. गाडी घरीच ठेवा.