गाडीच्या टपावरचा तंबू वाळवायचा कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रूफटॉप टेंटवर पानभर आलंय ते वाचलं. फोटो मस्त आहेत, मागे भंडारदऱ्याचं पाणी आणि पुढे गाडीच्या टपावर उघडलेला तंबू, ते बघून आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी लगेच मला फोन करून किंमत विचारायला सुरुवात केली. पण लेखात सगळं उघडण्याबद्दल आहे, पाच मिनिटांत उघडतो, शिडी लावली की झालं, वर गादी तयार वगैरे. आवरायचं कसं यावर एक ओळ नाही. आणि ओला तंबू घेऊन माणूस ठाण्यात परत आला की तो वाळवायचा कुठे, हे तर कुणीच बोलत नाही, रीलवाले नाही आणि विकणारे तर नाहीच नाही. आमच्याकडे हा तंबू आहे आणि आवरायचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून लिहितेय.

उघडणं खरंच सोपं आहे. आमचा सॉफ्टशेल आहे, म्हणजे मधोमध घडी होणारा, वर पीव्हीसीचं कव्हर. गाडी सपाट जागी लावायची, नसेल तर चाकाखाली फळी किंवा चपटा दगड घालून सपाट करायची, थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला करून झोपायचं. कव्हरची चेन तीन बाजूंनी सोडायची, पट्टे काढायचे, शिडी पूर्ण लांब करायची आणि प्रत्येक पायरीची पिन टक् करून बसली का ते हाताने चाचपून बघायचं (हे मुलांवर सोडू नका), मग तीच शिडी धरून खाली दाबलं की अर्धा तळ उलटून बाहेर येतो आणि त्याच्यासोबत अख्खं कापड उभं राहतं. पोरांना भारी मजा वाटते. फक्त शिडीच्या लांबीकडे लक्ष द्यायचं, कमी पडली तर बाहेरचा भाग झुकतो, जास्त झाली तर मधल्या बिजागरीपाशी उंचवटा येतो आणि तो रात्रभर बरोब्बर कमरेखाली लागतो. शेवटी त्या वाकड्या सळया, एक टोक तळाच्या भोकात, दुसरं छपराच्या कापडाच्या रिंगेत, की पावसाचं छप्पर ताणलं जातं आणि खिडक्यांवर छज्जे तयार. एवढंच.

आता सकाळ. सगळे सांगतात, उघडलं त्याच्या उलट क्रमाने बंद करायचं, बस. तसं होत नाही हो. उघडताना वजन तुमच्या बाजूने काम करतं, बंद करताना तुमच्या विरुद्ध. एकाने खालून शिडी ढकलत वर न्यायची, दुसऱ्याने गाडीच्या पलीकडून पट्टा ओढायचा, आणि तेवढ्यात तिसरं कुणी असेल तर त्याने दाराच्या उंबऱ्यावर किंवा टायरवर उभं राहून बाजूला लोंबणारं कापड आत खोचत जायचं. दोघांतच करायचं तर अर्ध्यावर थांबून इकडून तिकडे फेऱ्या. कापड बिजागरीत सापडलं की कातरल्यासारखी घडी पडते आणि पाऊस आला की पाणी तिथूनच. सळया आणि उशा आधी काढायच्या, पातळ चादर आत राहिली तर चालते. आणि बंद करताना एक खिडकी किंवा दाराची चेन चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर हवा आत कोंडते आणि कितीही दाबा, तंबू फुगूनच बसतो. मग येतं कव्हर. गणपतीला गावी निघताना बॅगेवर बसून चेन लावतात ना, तेच, फक्त इथे बॅग डोक्याच्या वर आहे आणि बसायला जागा नाही. थंडीत पीव्हीसी कडक होतं, म्हणून कव्हर आधी जरा उन्हात पडू द्यायचं, चेनवर मेणबत्ती घासायची, आणि कोपऱ्यांपाशी चेन ओढायची नाही, कापड दाबून चेनला वाट करून द्यायची. एकदा का कोपऱ्यात चेनचे दात गेले की मुंब्र्यापासून मीरा रोडपर्यंत शोधलं तरी एवढी लांब चेन बसवून देणारा पटकन मिळत नाही.

हार्डशेलवाले म्हणतील आम्हाला हे काही नाही. खरंय, त्यांचं वरचं झाकण गॅसच्या दांड्यांवर आपोआप वर जातं आणि बंद करताना पट्टा ओढून खाली आणायचं, कड्या लावायच्या. पण कापड कडेने बाहेर डोकावत नाही ना हे त्यांनाही चारी बाजूंनी फिरून बघावंच लागतं, आणि वजन जास्त, पैसे जास्त. ते असो.

मुद्दा पाण्याचा आहे. लोकांना वाटतं पाऊस पडला नाही म्हणजे तंबू कोरडा. अहो, डिसेंबरात भंडारदऱ्याला रात्री दव पडतं त्याने वरचं कापड ओलं होतं, आणि आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातून नि घामातून पेलाभर पाणी सहज बाहेर पडतं, ते छपराला आतून चिकटतं आणि गादीच्या खाली उतरतं, कारण गादीखालची पत्र्याची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची फळी थंड असते. म्हणून खिडक्या रात्री दोन्ही बाजूंनी थोड्या उघड्या ठेवायच्या, जाळी लावून, आणि सकाळी गादी उभी करून खाली हात फिरवून बघायचं. गादीखाली जाळीची हवा खेळणारी चटई मिळते, ती घ्या, तिचा उपयोग होतो. तरीही सकाळी निघायच्या घाईत तंबू थोडा दमट बंद होतोच, कारण ऊन चढेपर्यंत थांबलं तर कसाऱ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे दुपार.

आणि दमट बंद केलेला तंबू तुम्ही आणता कुठे, तर ठाण्यात. जिथे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ओलं कापड घडीत राहिलं की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आधी कुबट वास, मग शिलाईच्या कडेने काळे ठिपके, आणि ते ठिपके एकदा कापडात उतरले की पूर्ण जात नाहीत. व्हिनेगर पाण्यात घालून पुसलं तर वास जातो, डाग राहतो. कपड्याची पावडर लावून घासू नका, त्याने पाणी अडवणारा थरच जातो. उपाय एकच, घरी आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तंबू उघडायचा आणि वारं लागू द्यायचं. नवीन पॉलीकॉटनचा (सूत आणि पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचा) घेतला असेल तर तो पहिल्या सहलीआधी घरीच उघडून पाण्याने भिजवून वाळवावा असंही सांगतात आणि त्याला कारण आहे, दोरा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. आता हे सगळं करायचं कुठे, सांगा.

तंबू काढून घरी आणा म्हणाल तर पन्नास-साठ किलोचा ऐवज आहे, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि काढायला-लावायला तीन-चार जण लागतात. म्हणजे गाडीवरच उघडायचा. आमची गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, उभी असते. तिथे वर बीम, बीमखाली ड्रेनेजचे पाइप, तंबू उभाच राहत नाही. शिवाय उघडल्यावर तो एका बाजूला सहज चार फूट बाहेर येतो, म्हणजे शेजारच्याच्या पार्किंगवर, आणि शिडी उतरते ती बरोबर त्यांच्या पांढऱ्या रेषेच्या आत. शेजारचे काका भले आहेत, ते ऑफिसला गेले की उघड म्हणतात. पण स्टिल्टमध्ये ऊनही नाही आणि वाराही नाही. म्हणून आम्ही गाडी गेटजवळच्या मोकळ्या व्हिजिटर पार्किंगला लावली आणि तंबू उघडला. वॉचमन येऊन विचारतो, मॅडम, वर कोण झोपणार? मी म्हटलं कुणी नाही, नुसता वाळतोय. त्याला ते पटलं नसावं, कारण संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, सोसायटीच्या आवारात तंबू ठोकण्यास सक्त मनाई, फोटोसकट. फोटोत माझी ओली गादी बोनेटवर. सासूबाईंनी तो मेसेज वाचला आणि म्हणाल्या, घर असताना टपावर का झोपायचं हा माझा प्रश्न जुनाच आहे, पण झोपलात तर वाळवायला तरी द्यावं माणसांनी.

सेक्रेटरींची बाजू मला कळते. आज तंबू, उद्या कुणी गोधड्या, परवा मंडपवाला. आग लागली तर बंबाची वाट अडते हा मुद्दाही बरोबर आहे, ती वाट सोडूनच उघडायला हवा. पण सक्त मनाई हे उत्तर झालं का? कार्पेट धुऊन गच्चीवर घालतात, पापड-कुरडया घालतात, होळीचा अख्खा हौद मध्यभागी असतो.

मग लोक काय करतात, तर गाडी काढून रस्त्यावर जातात. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाने आधीच श्वास कोंडलाय, त्याच्या कडेला गाडी लावून शिडी रस्त्यात उतरवणारे मी बघितलेत. उपवन तलावाच्या बाजूलाही. हे चूक आहे, एखादा बाइकवाला त्या शिडीवर आपटेल. आणि येऊरला तर कुणी नेऊच नये, वाळवायलाही नाही आणि झोपायला तर मुळीच नाही, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे, आपल्या पिकनिकची जागा नव्हे. नवी मुंबईवाले त्यातल्या त्यात नशीबवान, नेरूळ-सानपाड्याला रो-हाउसवाले आपल्या दारात उघडतात, स्टेशनांबाहेर सिडकोने आखलेली मोकळी पार्किंग आहेत, पण तिथेही पे अँड पार्कचा माणूस एका गाडीचे पैसे घेऊन दोन गाड्यांची जागा का देईल?

घेणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी सांगते, त्याही लेखात नव्हत्या. एक, टपाची ताकद. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं ते किलोमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना ते पन्नास ते शंभरच्या मध्ये आहे, आणि त्यात तंबूसोबत क्रॉसबारचंही, म्हणजे तंबू ज्यांच्यावर बसतो त्या आडव्या दांड्यांचंही, वजन धरायचं. उभ्या गाडीला याच्या कितीतरी पट चालतं, कारण ब्रेक आणि वळणांचे झटके नसतात, म्हणून वर तीन माणसं झोपली तरी टप बसत नाही. पण बऱ्याच गाड्यांचे रूफ रेल, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांचे लांब दांडे, नुसते शोभेचे असतात, चिकटवलेले, त्यांच्यावर क्रॉसबार आवळून साठ किलो लादले तर समृद्धीवर ते कधी निघून मागच्याच्या काचेवर जातील सांगता येत नाही. बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळायचे. दोन, उंची. तंबू लागला की गाडी फूट-सव्वा फूट वाढते, मॉलच्या बेसमेंटच्या दांड्याखाली जाण्याआधी टेपने मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. नवीन टॉवरमध्ये ज्यांना स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या चढवणारं) मिळालंय त्यांनी हा विषयच सोडावा.

सरकारनेही थोडं बघावं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन (आतच झोपायची सोय असलेली मोठी गाडी) पर्यटनाचं धोरण आणलं, चांगली गोष्ट आहे, पण लाखो रुपयांची कॅराव्हॅन घेणारे किती आणि आपल्याच गाडीवर तंबू लावून जाणारे किती? आम्हाला वीज नको, एसी नको. सपाट जागा, संडास, पाण्याचा नळ आणि सकाळी अकरापर्यंत थांबायची मुभा, म्हणजे तंबू तिथेच कोरडा होऊन बंद होईल, एवढं एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, आपल्या रिसॉर्टच्या आवारात दिलं तरी बास. सध्या भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात वगैरे एखाद्याच्या अंगणात विचारून, पैसे देऊन आम्ही थांबतो, ती माणसं चांगली आहेत, चहा देतात, आम्ही निघायची घाई केली तर तीच म्हणतात वाळू द्या की. भर पावसाळ्यात मात्र माळशेजला वगैरे कुणी जाऊ नका, तिथल्या वाऱ्यात हे छप्पर टिकत नाही, आणि धबधब्यांवर बंदीचे आदेश असतात ते उगीच नसतात.

आणि सोसायट्यांना नियम करायचाच असेल तर असा करा: सहलीहून आल्यावर व्हिजिटर पार्किंगमध्ये सकाळी आठ ते बारा, आदल्या दिवशी ग्रुपवर कळवून, बंबाची वाट सोडून, खाली घरातलं एक माणूस उभं करून, आणि वर कुणीही झोपणार नाही. आमच्या कमिटीला मी हे लेखी दिलंय, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत ते घेतलंय म्हणतात, पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर आणि कुत्र्यांच्या विषयाच्या आधी.

आपली एक वाचक,
ढोकाळी, ठाणे (पश्चिम)