तिकीट कापू नका, लिफाफा जपा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. ‘रजिस्टरने पाठवले’ हा शब्द कोर्टकचेरीपासून शेतीच्या वाटणीपर्यंत आपल्या खेड्यांत दीडशे वर्षांच्या आसपास वापरात होता. त्या सेवेची निळ्या आडव्या-उभ्या रेघांची पाकिटे आता नव्याने निघणार नाहीत. परंतु जी निघाली होती, ती आपल्याच घरांतून रद्दीत चालली आहेत, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मी आर्वी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक असून गेली तीस वर्षे जुने टपाल जमवतो आहे. तिकिटे जमवणारे पुष्कळ भेटतात, पण टपालाचा इतिहास तिकिटात थोडा आणि लिफाफ्यावर फार असतो. कोणत्या दिवशी पत्र टाकले, किती पैसे लागले, कोणत्या गाडीत त्याची छाननी झाली, कोणत्या कचेरीत ते उतरले आणि कधी हाती पडले, हे सारे पुढच्या-मागच्या शिक्क्यांतून वाचता येते. कातरीने तिकीट कापले की त्यातले अर्धे जाते.

हे मी स्वतःच्या घरच्या एका पाकिटावरून सांगतो. १९५८ साली माझ्या काकांच्या आजारपणाचे पत्र मुंबईहून ‘एक्सप्रेस डिलिव्हरी’ने आले होते. या सेवेसाठी जादा पैसे भरावे लागत आणि पोस्टमनच्या नेहमीच्या फेरीची वाट न पाहता पत्र वेगळ्या माणसाकरवी पोहोचवले जाई. (अमेरिकेत हीच सोय ‘स्पेशल डिलिव्हरी’ या नावाने १ ऑक्टोबर १८८५ रोजी सुरू झाली व तिच्यासाठी १० सेंटचे स्वतंत्र तिकीटही निघाले, तिकडचे संग्राहक ते पाकिटासकटच जपतात.) आमच्या पाकिटावर ‘एक्सप्रेस डिलिव्हरी’ची लाल पट्टी आजही शाबूत आहे. मागे आर्वीचा १६ तारखेचा शिक्का आहे आणि कडेला वडिलांच्या हातची पेन्सिलीची ओळ आहे : ‘१६ ला मिळाले, रात्रीच्या गाडीने निघालो.’ मात्र समोरचा उजवा कोपरा नाही. सहावीत असताना वहीत चिकटवण्यासाठी मी तो कापून घेतला. त्यामुळे पत्र मुंबईहून कोणत्या तारखेला निघाले, त्यावर किती नवे पैसे लागले आणि एवढी घाई करूनही त्याला किती दिवस लागले, हे मला आता कधीच कळणार नाही. ती वही पुढे उधईने खाल्ली.

आपल्या भागाचा इतिहास तर या कागदांवर फार ठळक उमटलेला आहे. वर्धा नदीच्या अलीकडचे आमचे गाव जागचे हलले नाही, पण त्याच घराच्या पत्त्यात आधी सी. पी. (इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत), मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र असे लिहिलेले सापडते. १९७२ च्या १५ ऑगस्टनंतर त्याखाली पिनकोड येऊ लागतो. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या काळात पाकिटावर पाच पैशांचे एक जादा तिकीट दिसते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठीचा तो कर होता आणि सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ अशी अक्षरे छापून तो वसूल केला गेला. सेवाग्रामचे नावदेखील टपालामुळेच बदलले. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव येथे राहावयास गेले, तेव्हा त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली आणि अखेर १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. त्या चार वर्षांतले, ‘सेगाव, वर्धा’ असा पत्ता असलेले एखादे साधे कार्डही कुणाच्या संदुकीत असेल, तर त्याचे मोल रद्दीच्या तराजूवर ठरू नये.

जुन्या घरांत पत्रे तारेच्या आकड्यात ओवून ठेवीत. त्यांना मधोमध छिद्र आणि गंजाचा डाग असतो. म्हणून ती निकामी समजू नयेत. कोपरा फाडलेली निधनाची कार्डे घरात ठेवण्याचा प्रघात नव्हता, ती वाचून फाडून टाकीत. त्यामुळे एखादे उरले असल्यास ते विशेष जपावे. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोरड्या जागी साध्या कागदी पाकिटात ठेवले तरी पुरते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र घरांत नव्हे, कचेऱ्यांत होते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दप्तराची साफसफाई झाली, तेव्हा मला निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत तीन पोती कागद मागच्या आवारात जळून गेले होते. राखेत अर्धवट उरलेल्या एका पाकिटावर पुलगावचा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. सेवा सहकारी सोसायट्या, ग्रामपंचायती, जुन्या जिनिंगच्या पेढ्या आणि मालगुजारांचे वाडे यांच्या चालकांना माझी विनंती आहे की, मुदत संपलेले दप्तर नष्ट करण्यापूर्वी निदान लिफाफे वेगळे काढून गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्यावेत. आतला मजकूर खासगी असेल, तर तो काढून घ्यावा. आम्हाला पाकीट पुरे आहे.

टपाल खात्यालाही एक सांगणे आहे. शाखा डाकघरांतील शिक्के झिजलेले आहेत आणि शाई इतकी पातळ असते की गावाचे नाव उमटतच नाही. शिक्के वेळेवर बदलून मिळाले, तर आज निघणारे टपालही उद्या वाचता येईल.

दिवाळीपूर्वी माळे झाडले जातात आणि रद्दीवाल्याच्या फेऱ्या वाढतात. हे पत्र त्याआधी छापून यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा