वर्कशॉपमधल्या काकांना, मनापासून

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

मेणात उष्णता साठवणाऱ्या टाकीवरचा माझा प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, ती फार अपुरी आहे. म्हणून हे जाहीर पत्र.

एक किलो पॅराफिन मेण वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं, तेही तापमान फारसं न वाढवता. अडचण आहे ती उष्णता आत-बाहेर करण्याची. मेणाची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. तांब्याची ४००च्या घरात.

आराखड्यात नव्हती ती ॲक्रिलिकची पारदर्शक भिंत तुम्ही टाकीला समोरून बसवलीत. "आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसू दे," म्हणालात. थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या, आकड्यांवरून जे चित्र जुळवावं लागलं असतं, ते समोर दिसलं. वितळताना उष्णता आणणाऱ्या गरम नळीजवळचं पातळ मेण वर चढतं, वरचा घट्ट भाग आधी खातं. त्या फिरण्यामुळेच उष्णता पोचते. गोठताना मात्र थंड नळीवर पांढरा थर धरतो आणि तोच पुढच्या उष्णतेची वाट अडवतो. थर जाड होत जातो तशी त्याची वाढ मंदावते. साठवलेली उष्णता परत मिळवताना टाकी का रेंगाळते, याचं उत्तर त्या थरात होतं.

मग उष्णता मेणात पसरवायला फिन्स आल्या, म्हणजे नळीवर बसवायच्या तांब्याच्या पातळ पट्ट्या. "जास्त लावल्या तर मेण कमी मावेल, चालेल का?" हा तुमचा प्रश्न प्रबंधाचं अख्खं प्रकरण ठरला. शिवाय फिन्स फार जवळ आल्या की पातळ मेणाचं फिरणंही अडतं. नळीवर त्या नुसत्या दाबून न बसवता ब्रेझिंग करायचा, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधा भरायचा, आग्रह तुमचाच. सांध्यात बारीक फट राहून तिथं मेण किंवा हवा शिरली, तर एवढं तांबं घालून उपयोग काय? वितळल्यावर मेण फुगतं म्हणून वर मोकळी जागाही तुम्ही न सांगता सोडलीत.

उष्णता लवकर वाहावी म्हणून मेणात नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळण्याचा मार्ग आकर्षक आहे, पण कण तळाशी बसतात, द्रवही दाट होतो. माझा भरवसा अजून चांगल्या सांध्यांवर आणि प्रसरित ग्रॅफाइटवर, म्हणजे फुगवून सच्छिद्र केलेल्या, उष्णता चांगली वाहणाऱ्या कार्बनवर आहे.

टाकी आता पुढच्या विद्यार्थ्याकडे गेली आहे. त्याला फिन्सच्या जागी ग्रॅफाइटचा सच्छिद्र ठोकळा बसवायचाय. आराखडा घेऊन तो तुमच्याकडे येईल, तेव्हा त्यालाही असेच प्रश्न विचारा.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी