माळावरचे दहा गुंठे विकू नका

कोल्हापूर,
11 ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, माळावरच्या दहा गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय, सोन्याच्या थेरपीसाठी विकून टाकू, नातवापुढं जमीन मोठी नाही. मला पुढं बोलताच आलं नाही, म्हणून फोन ठेवला. राग आला असं समजू नका. रात्री सोन्या झोपल्यावर हे लिहायला बसलेय, कारण फोनवर मी रडते आणि मग सांगायचं ते राहून जातं.

जमीन विकू नका. सोन्याच्या स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी, सरकारी थेरपीत नंबर लागलाय. ऑगस्टपासून दर बुधवारी सकाळी आम्ही सरकारी केंद्रात जातो. बोलण्यासाठीची स्पीच थेरपी आणि रोजची कामं करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, दोन्ही एकाच फेरीत होतात, आणि पैसे लागत नाहीत. तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. पण इतक्यांदा "पुढच्या महिन्यात या" ऐकलं होतं की दोन महिने नीट सुरू राहिल्याशिवाय कुणाला सांगायचा धीरच झाला नाही.

खासगी थेरपीचा खर्च तुम्हाला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात तीन महिने घातलं त्याला. एका सेशनला 500 रुपये, आठवड्याला चार सेशन. पतसंस्थेतला माझा पगार बघता बघता संपायचा. ह्यांनी शिरोलीत ओव्हरटाइम घेतला, तरी चौथ्या महिन्यात थांबवावं लागलं. दहा गुंठ्यांचे पैसे फार तर काही वर्षं पुरतील, आणि सोन्याला मदत त्याहून जास्त वर्षं लागणार आहे. त्याच्या बाबतीत औषधाचा कोर्स संपला आणि बरं वाटलं असं होत नाही. म्हणून हक्काची, चालू राहणारी जागा मिळेपर्यंत मी ती रांग सोडली नाही.

बाबा, तुम्ही म्हणता फुकटातलं काय कामाचं. पण तुम्हीच मला लहानपणी सांगायचात, शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं म्हणून आपल्यासारख्यांची पोरं शाळेत बसली. ते फुकट होतं म्हणून कमी होतं का? सोन्याचंही तसंच आहे. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि तिथं ऑटिझमचं नाव आलं. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही त्यातच आहे, त्यासाठी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त लागतात. सोन्याच्या प्रमाणपत्रावर तेवढे आहेत. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा जिन्यात बसून राहिले होते. आता तोच कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवते.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून मनाला लावून घेऊ नका. मागच्या जूनमध्ये सोन्या आजऱ्याला तुमच्याकडं होता तेव्हा अंगणवाडीत सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती. ते डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाड्या तपासतात. त्यांनी सोन्याला हाक मारली, त्यानं मान वळवली नाही, म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी देव्हाऱ्याच्या फळीवर राहिली. आई म्हणाली, मामा पण चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता. मीही हो म्हटलं. मला ते खरं असावं असंच वाटत होतं. दिवाळीला ती चिठ्ठी हातात घेतली तोवर पाच महिने गेले होते, आणि ते पाच महिने आपल्या तिघांच्या नावावर आहेत. आईला दोष देत नाही. उलट त्या चिठ्ठीमुळंच पुढचा रस्ता सापडला.

पुढचे महिने मात्र आपल्या नावावर नाहीत. मूल ऐकतं की नाही हे आधी बघावं लागतं, आणि त्या कानाच्या तपासणीची तारीखच जानेवारीत मिळाली. कान चांगले निघाले. मार्चमध्ये मानसशास्त्रज्ञांनी स्वमग्नतेची 40 मुद्द्यांची तपासणी केली. नजर देतो का, खुणा करतो का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो का, असं प्रत्येकाला गुण देत गेल्या. मग प्रमाणपत्राची फेरी. मग थेरपीची यादी, आणि तिथं कळलं की स्पीच थेरपिस्टची जागाच रिकामी आहे. बाकावर माझ्या शेजारी गगनबावड्याकडची एक बाई बसायची, पोराला पाठुंगळी बांधून पहाटेच्या एसटीनं यायची. तिला तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पोराच्या पायात निघालेली चप्पल घातली आणि गेली. लहान वयातले महिने या मुलांसाठी किती मोलाचे असतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी जागा भरायला इतका वेळ लागतो, याची मला चीड येते आणि ती जात नाही.

एकदा आमचा अर्जच सापडेना. तेव्हा तुमची आठवण झाली, बाबा. सोसायटीत ऊस नोंदवताना तुम्ही म्हणायचात, कागद दिला की पोच घ्यायची, मग कुणी नाही म्हणू शकत नाही. दुसरा अर्ज दिला आणि शिक्का-सही-तारखेची पोच घेऊनच हलले. एक जाड फाईल केली, त्यात प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. दर सोमवारी पतसंस्थेत जाण्याआधी तिथं जायचे आणि विचारायचे. तिथल्या सिस्टरना सांगून ठेवलं, कुणी आलं नाही तर मला फोन करा, अर्ध्या तासात पोचते. जुलैत तसा फोन आला. पाऊस धो धो, पंचगंगा पात्राबाहेर आलेली. सोन्याला रेनकोटात गुंडाळून रिक्षानं गेलो. त्या दिवशी नवीन थेरपिस्टनी त्याला बघितलं आणि पुढच्याच महिन्यात आमचं नाव कायमच्या बुधवारात आलं.

निरामय विम्याचाही अर्ज केलाय. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत. थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो, पण आधी आपण भरायचे आणि बिलं लावून परत मिळवायचे. तो मंजूर झाला तर बुधवारशिवाय एखादं खासगी सेशन परत लावता येईल, जमिनीला हात न लावता.

आता जे मागायचंय ते मागते. आठवड्यातून एकदाच थेरपी, तीही चाळीस मिनिटं. थेरपिस्ट मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, बाकीचे दिवस तुमचे. त्या मला शिकवतात आणि मी घरी करते. सोन्याला काही हवं असलं की तो माझा हात धरून नेतो आणि डब्यावर ठेवतो. आधी मी लगेच डबा उघडून द्यायचे. आता खाली बसते, त्याच्या डोळ्यांसमोर चेहरा आणते, "लाडू" एवढा एकच शब्द म्हणते आणि मनात दहा मोजते. ते दहा आकडे फार जड जातात. तो किंचाळतो, शेजारच्या खिडक्या उघडतात. पण थांबल्यावर कधी तो नुसता बघतो, कधी ओठ हलवतो. तेवढं झालं की लगेच लाडू द्यायचा.

गेल्या रविवारी पहाटे ह्यांनी त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हशी समोर उभ्या करून धार काढतात ना, तिथं. त्याला ती धारेची चरचर फार आवडते, एरवी कुकरच्या शिट्टीला कान झाकणारा पोरगा तिथं शांत उभा राहतो. म्हैस पुढं निघाली तसं त्यानं ह्यांचा हात सोडला, स्वतःचा हात उचलला आणि बोट केलं. म्हशीकडं. मग वळून ह्यांच्याकडं बघितलं, तुम्हीही बघितलं ना, असं. चार वर्षांत पहिल्यांदा. हे तिथनंच फोन करून मला सांगत होते आणि त्यांना शब्द फुटत नव्हता.

म्हणून जमिनीच्या पैशांऐवजी तुमचा वेळ हवाय. घनसाळ भाताची सुगी आटपली की दोघं दीड महिना इकडं या. एका बुधवारी आई माझ्याबरोबर येईल, एका बुधवारी बाबा. मॅडमनी मुद्दाम सांगितलंय, आजी-आजोबांना आणा. घरात चौघांनी एकाच तऱ्हेनं वागलं तर त्याला समजायला सोपं जातं. आई, तू न मागताच त्याच्या तोंडात घास देतेस, तेवढं सोडावं लागेल. बाबांनी गाण्यासाठी मोबाईल त्याच्या हातात द्यायचा नाही.

आणि आई, माझ्या कामावर जाण्यानं हे झालं असं काकी म्हणतात, ते मनातनं काढून टाक. एके काळी डॉक्टरसुद्धा आईची माया कमी पडली म्हणून तिच्यावर खापर फोडत होते. ते मत कधीच मागं पडलंय. हे जन्मापासूनच मेंदूच्या घडणीत असतं, ते माझ्यानं झालं नाही की तुझ्यानंही. जोतिबाचा तुझा नवस मी विसरले नाही. आपण सगळे डोंगरावर जाऊ, पण चैत्र यात्रेला नाही. एखाद्या साध्या दिवशी, सकाळी लवकर. ढोल-ताशात त्याचा जीव घाबराघुबरा होतो.

येताना नाचणीचं पीठ आणा, भाकरीचा वरचा पापुद्रा तो आता माझ्या हातनं खातो. तांदूळ जास्त आणू नका, बाबांच्या कंबरेला ओझं नको. आणि गिऱ्हाइकाला उद्याच नाही म्हणून सांगा, मग मला फोन करा.

तुमची लेक