फोर्ट अपॅचीचे खोके पाठवताना

पिट्सबर्ग

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात मी तुझ्याकडे ‘फोर्ट अपॅची’चे खोके पाठवीत आहे. लुई मार्क्स यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या खेळण्यांच्या कंपनीचा हा किल्ल्याचा आणि प्लास्टिकच्या शिपायांचा संच. त्यांचा एक कारखाना येथून फार दूर नसलेल्या ग्लेन डेलला होता. १९८० मध्ये कंपनी बंद पडली. तू पाच वर्षांची असताना एका गराज सेलमध्ये मी तो घेतला आणि त्या दिवाळीत तळघरात खोक्यांवर गोणपाट पसरून किल्ला केला, तेव्हा मावळे नव्हते म्हणून तू हेच निळे घोडदळ तटावर उभे केलेस, हे मला अजून जसेच्या तसे आठवते.

पुढे माझ्या हातून मोठी चूक झाली. काही शिपाई मी माळ्यावर ठेवले, आणि उन्हाळ्यांच्या उष्णतेने त्यांचे पॉलिथीन ठिसूळ झाले. बंदुकीची वाकलेली नळी मी नुसती चिमटीत धरली, तर ती खडूसारखी तुटली. ते शिपाई वेगळ्या डब्यात कापसात ठेवले आहेत. त्यांना वाकवू नकोस, चिकटवायलाही जाऊ नकोस. उरलेले मऊ आहेत. त्यांपैकी बिगुलवाल्याचा पाय वाकडा आहे. गरम पाण्यात क्षणभर बुडवून, हलकेच सरळ करून लगेच थंड पाण्यात धरलास तर तो पुन्हा उभा राहील. पत्र्याच्या इमारतीला मात्र ओले फडके लावू नकोस. छापील लाकडी फळ्यांच्या कडेला गंज दिसू लागला आहे.

मऊ शिपाई ईराला बेधडक खेळू देत, ते काचेच्या कपाटासाठी घेतले नव्हते. पण खेळता खेळता तिला हेही सांग, की खरा फोर्ट अपॅची १८७० मध्ये अ‍ॅरिझोनात, अपॅची या तिथल्या मूळ रहिवाशांच्याच भूमीवर उभारला गेला. या संचात त्यांना केवळ हल्लेखोर म्हणून घडवले आहे, आणि ते मला आता खटकते. तिला त्यांनाही तटाच्या आत उभे करायचे असेल, तर करू दे.

तटाची एक भिंत कमी आहे. तिच्या जागी तू तेव्हा आइस्क्रीमच्या काड्या लावल्या होत्यास. त्या मी जपून ठेवल्या आहेत, तळाशी पाकिटात सापडतील.

तुझा,
बाबा